एका पायावर पंचवीस

वीज कार्यालयात त्यांना मीटरबाई म्हणत आणि त्यांच्या भागातल्या चौदा इमारतींमध्येही मीटरबाईच म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं. वय सेहेचाळीस, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी आणि पायाला कायम भिंगरी. दिवसाला दीडशे-पावणेदोनशे मीटर बघायचे, हातातल्या यंत्रात आकडा टाकायचा आणि पुढचा जिना गाठायचा. बहुतेक इमारतींना लिफ्ट नव्हती. जिथे होती तिथे बाई ती वापरत नसत. "लिफ्ट येईपर्यंत माझे दोन मजले होतात," असं त्या म्हणत आणि ते खरंही होतं. उतरताना तर एक पायरी सोडून एक, खांद्यावरची पिशवी कंबरेवर आपटत, खाली. तळमजल्यावरच्या लोकांना आवाजावरूनच कळायचं की बाई आल्या आणि गेल्याही.

मीटर बसवणारे सगळे सहा फुटी असावेत. बाईंना प्रत्येक मीटरसाठी चवड्यांवर उभं राहावं लागे. दिवसाला दीडशे वेळा, वीस वर्षं. त्यामुळे अंगाने काटकुळ्या असल्या तरी त्यांच्या पोटऱ्या बघण्यासारख्या झाल्या होत्या. सासूबाई म्हणत, "बाई माझी, पोटऱ्या आहेत की दगडी गोटे?" बाईंना हे ऐकायला आवडे. बाकी कशाचा नाही, पण पायांचा त्यांना अभिमान होता.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास त्या तिसऱ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. तिथल्या मीटरखाली कोणीतरी चपलांचं कपाट आणून ठेवलं होतं. कपाटावर एक हात टेकून, डाव्या पायाच्या चवड्यावर उभं राहून, मान वाकडी करून त्यांनी आकडा वाचला. मग नेहमीसारख्या धडधडत उतरल्या आणि वळणावरच्या शेवटच्या दोन पायऱ्या त्यांनी उडी मारून घेतल्या.

फट् असा आवाज झाला आणि डाव्या पोटरीवर मागून सणसणीत काठी बसली.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गर्रकन वळून पाहिलं तर मागून त्याच इमारतीतले एक निवृत्त भाषाशिक्षक उतरत होते. त्यांच्या हातात काठी होती. मग काय!

"लाज नाही वाटत? ह्या वयात बाईमाणसावर काठी उगारता?"

"मी?" शिक्षक जागच्या जागी थिजले. "अहो, मी अजून वरच्या पायरीवर आहे!"

आणि ते खरोखरच सात पायऱ्या वर होते. एवढी लांब काठी कुठल्याच दुकानात मिळत नाही. पण तोवर दोन-तीन दारं उघडली होती आणि माणसं शिक्षकांकडे बघत होती. बाईंनी पुढे पाऊल टाकायला पाहिलं, तर डावी टाच जमिनीला टेकेना. त्या मटकन पायरीवर बसल्या. शिक्षक काठी जरा जास्तच आपटत वर परत गेले आणि त्याच दुपारी त्यांनी वीज कार्यालयात तक्रार दिली.

इस्पितळात डॉक्टरांनी बाईंना टेबलावर पालथं झोपवलं आणि पाऊल टेबलाच्या कडेबाहेर लोंबतं ठेवलं. त्यांनी पोटरी हलकेच दाबली. पाऊल आपसूक हललं.

"टाचेची शीर शाबूत आहे. नशीब."

"मग काय झालंय? मला काठी मारली हो कोणीतरी."

डॉक्टर हसले. "सगळ्यांना तसंच वाटतं. मागच्या महिन्यात एकाने बायकोवर आळ घेतला होता. ती बिचारी स्वयंपाकघरात होती."

मग त्यांनी कागदावर पोटरी काढून दाखवली. पोटरी म्हणजे एक गोळा नाही, दोन थर आहेत. वरचा थर दोन तोंडांचा, तो गुडघ्याच्या वरून सुरू होतो. उडी, धाव, झटका ही त्याची कामं. त्याच्या खाली दुसरा, चपटा आणि रुंद. तो बाहेरून दिसत नाही, पण दिवसभर उभं राहण्याचं आणि चालण्याचं ओझं तोच वाहतो. दोघांचा मिळून खाली एक जाड दोर होतो आणि तो टाचेला जाऊन चिकटतो. बाईंच्या वरच्या थराचं आतलं तोंड, जिथे मांस संपून दोर सुरू होतो नेमकं तिथे, अर्धवट फाटलं होतं.

"सहा ते आठ आठवडे," डॉक्टर म्हणाले. "तेसुद्धा शहाण्यासारखं वागलात तर."

बाईंनी मनात चार धरले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून साहेबांचा फोन आला. बाईंचा पाय तीन उशांवर होता आणि पोटरीला घट्ट पट्टी होती.

"पायाचं नंतर बघू, बाई. आधी सांगा, ग्राहकावर मारहाणीचा आळ का घेतलात?"

"साहेब, मला वाटलं... डॉक्टरांनी लिहून दिलंय. काठी लागल्यासारखं वाटणं हे ह्या दुखण्याचं लक्षण आहे."

"आणि ओरडणं? तेही लक्षणच का?"

बाईंनी दात-ओठ खात माफीपत्र लिहिलं. चार दिवसांनी ते टपालाने परत आलं. शिक्षकांनी माफी स्वीकारली होती, पण पत्रातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका लाल शाईने दुरुस्त करून. बाईंनी पत्राचा बोळा करून भिंतीवर फेकला. तो उचलायलाही उठता येत नव्हतं. दिवसभर तो समोरच पडून राहिला.

घरात तिघं. बाई, त्यांचे यजमान आणि सासूबाई. यजमानांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं छोटं दुकान होतं, घरापासून चार पावलांवर. माणूस मितभाषी. टाच थोडी उंच राहिली तर पोटरीवर ताण येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर ते काही न बोलता दुकानात गेले आणि स्पंजाच्या तीन पातळ चकत्या कापून घेऊन आले. बुटात टाचेखाली ठेवायच्या आणि दर दोन आठवड्यांनी एक काढायची. चकत्या इतक्या बेतशीर होत्या की नंतर इस्पितळातल्या लोकांनीही विचारलं, ह्या कुठून आणल्या?

सासूबाईंचं मात्र निराळं होतं. त्यांच्या मते चोळल्याशिवाय कुठलंही दुखणं जात नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा दुकानात गेल्यावर त्यांनी तेल कोमट केलं, पट्टी सोडली आणि दोन्ही अंगठे रोवून पोटरी अशी रगडली की बाईंना दिवसा तारे दिसले.

"सोसायचं गं थोडं. गाठ मोडतेय."

गाठ मोडली नाही. संध्याकाळपर्यंत पोटरी टम्म फुगली आणि घोट्यापर्यंत वांग्यासारखी जांभळी झाली. यजमान रिक्षा घेऊन आले. डॉक्टरांनी आधी शिरेत गुठळी झाली नाही ना, ते सोनोग्राफी करून पाहिलं. गुठळी नव्हती. पण ते चांगलेच तापले. "आत रक्त साकळलेलं असताना चोळायचं असतं का? वाहत्या जखमेला कोणी रगडतं?"

सासूबाई घरी आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "मला काय ठाऊक आत काय फाटलंय? बाहेरून तर धड दिसत होतं." बाईंना ओरडायचं होतं. पण म्हातारीचा चेहरा बघून त्यांनी नुसती पायाखालची उशी ठोकून सारखी केली.

दोन आठवड्यांनी व्यायाम सुरू झाला. शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट होत्या, तिशीच्या, आवाज सपाट, चेहऱ्यावर घाई नावालाही नाही. बाई त्यांना फिजिओबाई म्हणू लागल्या.

"पाऊल खाली-वर करा. फक्त एवढंच."

"हा व्यायाम आहे?"

"हो. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरी करते. ती आवळली की रक्त वर जातं. नुसतं पडून राहिलात तर ते खालीच साचेल."

"कामावर कधी जाता येईल?"

"घाई कोणाला आहे?"

"मला आहे!"

फिजिओबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "दहा वेळा झालं की सांगा."

चौथ्या आठवड्यात कार्यालयाने बाईंना तक्रारींच्या फोनवर बसवलं. हा जाच पोटरीपेक्षा वाईट निघाला. त्यांच्या भागात दुसऱ्या विभागातला एक चष्मेवाला माणूस बदलीवर दिला होता. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं आणि दुसऱ्या मजल्यावर जायचं नाही असा त्याचा नेम होता. वरच्या मजल्यांचे आकडे तो खालीच उभा राहून अंदाजाने टाकायचा. आणि त्याच्या चुकांचे फोन घ्यायला कोण? तर बाई.

"अहो, आमचं घर महिनाभर बंद होतं आणि रीडिंग वाढलं कसं?"

बाईंना ते घर माहीत होतं. मीटरच्या काचेला डाव्या बाजूला तडा होता, हेही माहीत होतं. "तपासून सांगते," असं फोनवर म्हणायचं आणि फोन ठेवून चडफडायचं. त्या एकदा चष्मेवाल्याला म्हणाल्या, "निदान पाचव्या मजल्यावरचे तरी बघत जा."

"बाई, तुम्ही बघत होतात म्हणून तर पाय गेला तुमचा," तो शांतपणे म्हणाला आणि चहाला गेला.

सहावा आठवडा संपला त्या सोमवारी बाईंनी ठरवलं. चालताना दुखत नव्हतं. शेवटची चकतीही निघाली होती. फिजिओबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की अजून दोन्ही पायांवर मिळूनच टाचा उचलायच्या, जिन्यांचं काम एवढ्यात नाही. बाईंनी ते सांगणं घरी कोणाला सांगितलंच नाही. कार्यालयात "तब्येत पूर्ण बरी" असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं, यंत्र घेतलं आणि निघाल्या.

तीन दिवस सगळं छान झालं. त्यांनी चष्मेवाल्याचे एकशेबारा चुकीचे आकडे सुधारले. चौथ्या दिवशी एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर मीटर बघायला चवड्यावर उभ्या राहिल्या, तेव्हा पोटरीत काहीतरी सरकलं. या वेळी ना आवाज झाला, ना काठी. शिवण उसवावी तसं, टाका-टाका करत. बाईंना लगेच कळलं. त्यांनी आकडा वाचला, यंत्रात टाकला आणि मग भिंतीला टेकून डोळे मिटले.

पाच मजले त्या बसून उतरल्या. एकेका पायरीवर बूड टेकत, यंत्र मांडीवर धरून. वाटेत दोघं भेटली. दोघांनीही विचारलं, "झालं का मीटर बघून?"

यजमान कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले. "शिवण उसवलेली सीट मी टाके न घालता गिऱ्हाइकाला परत देतो का? धागा बसेपर्यंत कळ काढता येत नाही तुला?"

"मी गाडीची सीट नाही!"

"सीट बरी. सांगितलेलं ऐकते."

दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवून चहा घेतला. सासूबाईंनी सुनेची बाजू घेतली नाही आणि मुलाचीही नाही. त्या नुसत्या पट्टी आणायला उठल्या.

फिजिओबाई रागावल्या नाहीत. बाईंना वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. त्यांनी टेप काढून दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. डावी अडीच सेंटिमीटरने बारीक भरली.

"वीस वर्षांची पोटरी दोन महिन्यांत वाळली?" बाईंचा विश्वास बसेना.

"वापर थांबला की ती लवकर जाते आणि यायला फार वेळ घेते. आणि अजून एक सांगू? वाईट वाटून घेऊ नका."

"आता काय वाईट वाटायचं राहिलंय?"

"तुम्ही वीस वर्षं टाच अर्धीच उचललीत. मीटर दिसेल एवढीच. खाली तर कधी ताणलीच नाही. पोटरी कडक होती, पण आखडलेली. घोटा पुरता वाकतही नाही, बघा." आणि त्यांनी पाऊल वर दाबून दाखवलं. ते मध्येच अडलं.

हे मात्र बाईंना झोंबलं. पाय फाटला ते समजण्यासारखं होतं. पण ज्या पोटऱ्यांचा तोरा मिरवला त्या मुळात अर्ध्याच शिकलेल्या, हे ऐकून त्या तडक बाहेर येऊन रिक्षात बसल्या. रिक्षावाल्याने थोडे जास्त सांगितले, तेही निमूट दिले.

मग महिने सुरू झाले. घराच्या उंबऱ्याबाहेर एक पायरी होती. तिच्या कडेवर चवडे ठेवायचे, टाचा अधांतरी. दोन अंक मोजत वर जायचं, वर थांबायचं, तीन अंक मोजत खाली यायचं, टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत. आधी दोन्ही पायांवर. मग वर दोन्हींवर आणि खाली एकट्या डाव्यावर. मग सगळंच डाव्यावर. हे सगळं एकदा गुडघा ताठ ठेवून, वरच्या थरासाठी. आणि पुन्हा गुडघा वाकवून, कारण गुडघा वाकला की वरचा थर सैल पडतो आणि खालच्याला कामाला लागावं लागतं. खालच्यासाठी पाठीवर पिशवीत दोन विटा. येणारे-जाणारे बघत. एका शेजारणीने विचारलं, "किल्ली हरवली का?"

फिजिओबाईंनी आकडा ठरवून दिला होता. एका पायावर, न थांबता, टाच पूर्ण उचलत पंचवीस. उजवा पाय तेवढे करत होता. डाव्यानेही करायला हवेत, मगच जिने.

मोजायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं. दारात खुर्ची टाकून त्या बसत आणि पंचाच्या डोळ्यांनी टाच बघत. "आठ. नऊ. दहा. दहा."

"दहा दोनदा का?"

"तो धरणार नाही. टाच अर्धी राहिली."

"अहो सासूबाई, पुरी उचलली होती!"

"मला दिसते. तुझ्या पाठीला डोळे आहेत का?"

अकरावर गाडी अडली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, एकोणीस दिवस अकरा. बाराव्याला टाच थरथरे, पोटरीत आग होई आणि पाऊल खाली येई. विसाव्या दिवशी बाईंनी चप्पल काढून अंगणाच्या भिंतीवर भिरकावली. "नाही होत! जाऊ दे! आयुष्यभर फोनच घेते!" सासूबाई शांतपणे उठल्या, चप्पल आणून पायरीपाशी ठेवली आणि खुर्ची उचलून आत गेल्या.

फिजिओबाईंनी ऐकलं आणि विचारलं, "सुट्टी कधी घेता?"

"सुट्टी कशाला? रोज करते. सकाळ-संध्याकाळ."

"म्हणूनच. स्नायू व्यायामात वाढत नाही, व्यायामानंतर वाढतो. एक दिवस करा, एक दिवस सोडा."

"हे तुम्ही आधी नाही सांगितलंत?"

"पहिल्या दिवशीच सांगितलं. कागदावर लिहूनही दिलं होतं."

बाईंनी घरी येऊन कागद शोधला. लिहिलं होतं, अधोरेखितही केलं होतं. मग त्यांनी सुट्ट्या घेतल्या, पण चिडून घेतल्या. सुट्टीच्या दिवशी त्या घरभर नुसत्या फिरत, भांडी पुन्हा घासत आणि यजमानांच्या दुकानात जाऊन त्यांची कात्री नीट लावत. दोन आठवड्यांत अकराचे चौदा झाले. मग सतरा. मग वीस. वाढायचे तेव्हा कारण कळत नसे आणि अडायचे तेव्हाही नाही.

सातव्या महिन्यात कार्यालयाच्या डॉक्टरांकडे तपासणीला बोलावलं. त्यांनी सही केल्यावरच कामावर रुजू होता येणार होतं. बाई नवे बूट घालून गेल्या. डॉक्टर फायलीतून डोकं वर न काढता म्हणाले, "चालता येतं?"

"हो."

डॉक्टरांनी सही केली.

बाई उभ्याच राहिल्या. "तपासणार नाही?"

"आलात ना चालत?"

सात महिने. पायरी, विटा, एकोणीस दिवसांचे अकरा. बाईंच्या डोक्यात काहीतरी तडकलं. त्यांनी बूट काढले, भिंतीला दोन बोटं टेकवली आणि उजवा पाय उचलला. "मोजा."

"काय मोजा?"

"टाच. मोजा म्हणते ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बहुधा घाबरून. "एक... दोन..." आठवर त्यांचा फोन वाजला. ते बोलले, फोन ठेवला आणि विचारलं, "किती झाले?"

"चौदा."

"बरं. पंधरा."

विसानंतर पोटरी पेटली. एकविसाला टाच थरथरली. बावीस पूर्ण झाला. तेविसावा अर्ध्यावरून खाली आला. बाईंनी पाय टेकला. कपाळावर घाम आला होता.

"बावीस म्हणजे उत्तमच की," डॉक्टर म्हणाले. "मला दहासुद्धा यायचे नाहीत."

"पंचवीस हवेत."

"कोणाला?"

 बाई बूट घालत म्हणाल्या, "सही खोडा. तीन आठवड्यांनी येते."

"खोडाखोड चालत नाही. उद्यापासून हजर व्हा."

पहिल्यांदा खोटं लिहून त्या कामावर गेल्या होत्या, तेव्हा कोणी अडवलं नव्हतं. आता खरं सांगून थांबायचं म्हटलं, तर कोणी थांबू देईना. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्या बराच वेळ बसून होत्या. मग उठल्या, कारण यजमान जेवायचे खोळंबले असतील.

दुसऱ्या दिवशी त्या हजर झाल्या. एक पायरी, मग दुसरी पायरी, कठडा धरून. दीडशे मीटरच्या जागी सत्तर झाले. चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला.

"बाई, आकडे फार कमी येताहेत. तो बदलीचा माणूस दोनशे करत होता."

"तो खालून करत होता, साहेब."

"ते मला माहीत नाही. वेग वाढवा."

"नाही वाढणार," बाई म्हणाल्या. आपण हे म्हणालो, ह्याचं त्यांनाच नवल वाटलं.  "हवं तर अर्धा भाग दुसऱ्याला द्या. मी पायऱ्या सोडून उतरणार नाही."

साहेबांनी खरंच अर्धा भाग काढून चष्मेवाल्याला दिला. बाईंना वाटलं होतं ते नाही म्हणतील. वीस वर्षं पायाखाली घातलेल्या सात इमारती एका ओळीच्या हुकुमाने गेल्या. तिथल्या तक्रारींचे फोन अजून येतात, फक्त आता ते दुसरं कोणी घेतं.

राहिलेल्या सात इमारती अजून बाईच बघतात. थंडीत सकाळी डावी पोटरी पहिल्या जिन्यापर्यंत ताठलेली असते. घेर अजून एका सेंटिमीटरने कमीच आहे आणि फिजिओबाईंच्या मते तो कदाचित तेवढाच राहील. दिवसाआड पायरीवरचा व्यायाम चालू आहे. मागच्या आठवड्यात चोवीस झाले. एक राहिला आहे. तो येईल तेव्हा येईल, असं फिजिओबाई म्हणतात. हे वाक्य ऐकलं की मीटरबाईंच्या कपाळावर आठी चढते.